पाचवीत जाणारं कोणी आहे का जी?

शाळा चांगली की वाईट, हे ठरवायची रीत महाराष्ट्रात जिल्ह्यागणिक बदलते. कोल्हापूरकडे विचारतात, स्कॉलरशिपला किती पोरं बसली आणि किती लागली. लातूरला पाचवीच्या शाळेची चौकशी करा, उत्तर नीटच्या मार्कांपासून सुरू होतं. कोकणातला माणूस दहावीच्या निकालाचं कात्रण पुढे सरकवतो. राज्य मंडळाच्या नऊ विभागांत कोकण वर्षानुवर्षं पहिला येतो, त्यामुळे त्याला वेगळं काही बोलावं लागत नाही. पुण्यात नुसती फी सांगतात. फी ऐकून समोरचा गप्प झाला की शाळा उत्तम.

पुसदला मी हाच प्रश्न आमच्या घरमालकांना विचारला. ते ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "म्याडम, दोन मुख्यमंत्री दिले जी आमच्या पुसदनं. आता याच्यावर काय सांगू?"

मी बँकेत. प्रमोशन घेतलं आणि त्याच्या शेपटीला बांधून कोल्हापूरहून यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची बदली आली. नवऱ्याचं काम संगणकावरचं, त्यामुळे तो कुठेही बसून करतो आणि कुठेही बसला तरी कंटाळतो. मुलगी चौथी पास. बदलीची बातमी घरात फुटली तेव्हा सासूबाईंना काळजी पाण्याची होती, लेकीला मांजराची. माझे सासरे मात्र निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना अख्खं घर अण्णा म्हणतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकच विचारलं, "तिकडं जादा तास घेतात का?"

कोल्हापूरच्या गुरुजीला जादा तास म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजणं अवघड आहे. सकाळी शाळा भरायच्या आधी, संध्याकाळी सुटल्यावर, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिली अंघोळ आटोपल्यावर स्कॉलरशिपची पोरं गोळा करून बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घेणं, याला जादा तास म्हणतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. मिळतो तो मान, आणि निकालाच्या दिवशी गावच्या चौकातला फ्लेक्स. वर अण्णांच्या पाठीशी साक्षात शाहू महाराज. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोर शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. अण्णा हे अशा सुरात सांगतात, की तो दंड वसूल करायला ते स्वतः हिंडले असावेत. "त्या वक्ताला तुमचं ते यवतमाळ काय करत होतं?" असं त्यांनी मला विचारलं. यवतमाळ अजून माझं झालंही नव्हतं. पण बदलीची ऑर्डर हातात पडली की त्या जिल्ह्याचा सगळा इतिहास आपल्या अंगावर येतो.

यवतमाळ तेव्हा वऱ्हाडात होतं, आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात. कोल्हापूर १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे भाषा एक असली तरी आमच्या सासरची आणि माझ्या बदलीची गावं स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं दोन वेगळ्या राज्यांत नांदत होती. हे सांगून मी अण्णांना गप्प करायला गेले. ते म्हणाले, "तेच म्हणतोय मी."

नवऱ्यानं दुसरा मार्ग धरला. त्यानं तक्ता केला. तक्ता केल्याशिवाय हा माणूस टूथपेस्टही घेत नाही. डाव्या बाजूला शाळा, वर रकाने: घरापासून अंतर, पट, शिक्षक, सेमी आहे का, मैदान, मुलींचं स्वच्छतागृह, पंखे. प्रत्येक रकान्याला गुण. त्याच भरात त्याला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची जिल्हावार प्रतवारी सापडली. त्यात ८३ निकष होते, ६०० गुण होते आणि गुणांप्रमाणे जिल्ह्याला श्रेणी मिळते. सगळ्यात वर दक्ष, खाली उत्कर्ष, मग अतिउत्तम, मग उत्तम, त्याखाली तीन पायऱ्यांची प्रचेष्टा आणि तळाला तीन पायऱ्यांची आकांक्षी. नापास हा शब्द अख्ख्या कोष्टकात नाही. अण्णांनी उभ्या नोकरीत कुणाच्या प्रगतिपुस्तकावर 'प्रचेष्टा-३' असा शेरा मारला असता तर पालक पेढे घेऊन आले असते.

तक्त्यातली एक ओळ मात्र दोन्हीकडे सारखी निघाली. पाठ्यपुस्तक: कोल्हापूर, बालभारती, पुसद, बालभारती. गडहिंग्लजच्या पोराला जो धडा, तोच झरी-जामणीच्या पोराला. बालभारती स्थापन झाली २७ जानेवारी १९६७ ला. दहावीचं राज्य मंडळ त्याच्या आदल्या वर्षी, १ जानेवारी १९६६ ला. आणि १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री कोण होते? वसंतराव नाईक, मुक्काम गहुली, तालुका पुसद. म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या दप्तरात एकच पुस्तक गेलं ते पुसदच्या माणसाच्या कारकिर्दीत. हे मी घरमालकांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाले, "मंग? मी त त्या दिवशीच सांगून रायलो होतो ना जी!"

आम्ही पुसदला पोचलो ते २०२४ च्या जूनमध्ये, १५ तारखेच्या आत, धावतपळत. अण्णांचं फर्मान होतं, पहिला दिवस बुडता कामा नये. त्या वर्षी राज्यातल्या शाळा १५ जूनला उघडल्या. विदर्भातल्या १ जुलैला. उन्हामुळे इकडे दर वर्षी शाळा उशिरा भरतात. सतरा ठिकाणी विचारणाऱ्या आम्हा दोघांना एवढं एक विचारायचं सुचलं नव्हतं. लेकीनं कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि विदर्भाची शैक्षणिक गुणवत्ता राज्यात सर्वोच्च असल्याचा निकाल जागच्या जागी दिला. पुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आला. पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून पैसे घेऊन येतात, हे कळल्यावर तिनं तो निकाल आणखी एका श्रेणीनं वाढवला.

अण्णांनी फोनवर हिशेब केला. पंधरा दिवस, दिवसाचे दोन जादा तास, तीस तास बुडाले.

आता शाळा बघायला निघायचं, असं आम्ही ठरवलं. तक्ता छापून घेतला. पण आम्हाला घराबाहेर पडावंच लागलं नाही. शाळाच आम्हाला बघायला आल्या.

सकाळी नवाच्या सुमाराला फाटक वाजलं. दोन गृहस्थ, इस्त्रीचे शर्ट, एकाच्या काखेत रजिस्टर. "नमस्कार जी. पाचवीत जाणारं कोणी आहे का जी घरात?" मला वाटलं जनगणना. ते एका अनुदानित हायस्कुलाचे शिक्षक होते. अशी हायस्कुलं पाचवीपासून सुरू होतात, म्हणजे चौथी पास झालेलं पोर हा गावातला सगळ्यात मागणी असलेला माल. त्यांनी माझ्या लेकीकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं मला माझ्या लग्नाच्या वेळीही कुणी पाहिलं नव्हतं. नाव काय बेटा, पाढे किती येतात, असलं काही नाही. थेट, "आधार आहे ना?"

ते उठले आणि अर्ध्या तासात दुसऱ्या शाळेचे तिघं आले. यांच्याकडे ऑटो फुकट. तिसऱ्या शाळेकडे दप्तर, वह्या आणि ऑटो. चौथे एकटेच होते, दमलेले, उन्हानं लाल झालेले. त्यांनी पाणी मागितलं आणि खरं सांगून टाकलं. "म्याडम, आमच्या तुकडीत पोट्टे कमी पडले त एक जागा जाते. अतिरिक्त ठरलो त मले कुठी टाकतील काय सांगता येत नाही." शाळेला शिक्षक किती मिळणार हे पटावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात, आणि त्यासाठी धरतात तो ३० सप्टेंबरचा पट. म्हणून मे-जूनच्या उन्हात विदर्भातले किती तरी मास्तर दारोदार फिरतात. आम्ही पालक शाळेची गुणवत्ता तपासायला निघालेलो, आणि आमच्या सोफ्यावर बसलेल्या माणसाची नोकरी आमच्या पोरीच्या आधार क्रमांकावर टांगलेली. नवऱ्यानं हातातला तक्ता हळूच वर्तमानपत्राखाली सरकवला. पंखे किती आहेत, हे त्या माणसाला कोणत्या तोंडानं विचारणार?

तिकडे कोल्हापूरच्या शाळेचीही हीच तऱ्हा. दाखला हातात मिळाला होता, पण आजकाल पोर नुसतं अंगानं जाऊन चालत नाही, ते ऑनलाइनही जावं लागतं. नव्या शाळेनं संगणकावर विनंती पाठवायची, जुन्या शाळेनं ती मान्य करायची. जुनी शाळा काही मान्य करेना. फोन केला की "सर्व्हर डाऊन आहे." सर्व्हर रोज डाऊन. माझी मुलगी पुसदला वरणभात खात होती आणि सरकारदरबारी कोल्हापुरात शिकत होती. शेवटी अण्णा स्वतः शाळेत गेले, जुन्या ओळखीच्या मुख्याध्यापकांपुढे बसले आणि शिक्षण हक्क कायद्याचं पाचवं कलम म्हणून दाखवलं: मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकानं दाखला तात्काळ द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "अण्णा, कायदा मलाही पाठ आहे, पण एक पोरगी गेली तर..." अण्णांना पुढचं ऐकायची गरज नव्हती. त्यांनीही उभी नोकरी पटाच्या धाकात काढलेली. चहा झाला, सर्व्हर सुरू झाला.

दरम्यान नवऱ्यानं गुणवत्तेचा नाद सोडला नव्हता. २००५ पासून 'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल निघतो. त्यात गावोगावच्या घरी जाऊन पोरांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला देतात, वजाबाकी-भागाकार घालतात आणि पोरं खरंच किती शिकली ते बघतात. परीक्षेपेक्षा हे खरं, असं माझंही मत आहे. पण मत असणं वेगळं आणि संध्याकाळी गल्लीत खुर्ची टाकून बसणं वेगळं. नवऱ्यानं सोप्या गोष्टीचं एक पान छापून घेतलं आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांतल्या एकाला बोलावलं. "हे वाच बघू." पोरगा घामाघूम. बॅट काखेत धरून त्यानं पान एका दमात वाचलं, शेवटचा पूर्णविरामसुद्धा घेतला. मग पान परत देत अगदी हलक्या आवाजात विचारलं, "काका, तुमाले वाचता येत नाई का जी?"

त्या दिवसापासून तो पोरगा आमच्याकडे आलेलं पोस्ट आवाज देऊन, मोठ्यानं वाचून, मग हातात देतो.

शाळा अखेर सापडली ती माझ्या कामात. पीककर्जाच्या कागदांसाठी मला आसपासच्या तांड्यांवर, गावांत जावं लागतं. पुसदच्या वेशीबाहेर एका जिल्हा परिषद शाळेपाशी गाडी थांबली, कारण ज्या शेतकऱ्याची सही हवी होती तो शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसला होता. परिपाठ नुकताच आटोपलेला. फळ्यावर तारीख, तिथी, सुविचार. फरशीवर रंगवलेले आकडे आणि मुळाक्षरं, ज्ञानरचनावादाच्या लाटेत राज्यभर उमटली तशी, काही ठिकाणी पायांनी पुसली गेलेली. 'ळ' पार गेला होता, त्या जागी खडूनं नवा काढला होता. गुरुजी पाचवीला सरळव्याज शिकवत होते. मला पाहून म्हणाले, "पोरांनो, या बँकेतल्या मॅडम. विचारा यांना." एका पोरीनं उठून विचारलं, "म्याडम, तुमी तेरा महिन्यांचं व्याज कसं काढता?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर काढतो." वर्ग गप्प झाला. गुरुजींनी खडू उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं, आता आपण करून दाखवू यांना."

तीच पोरगी नंतर बाहेर पाणी प्यायला आली. आईबाप ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे जात, तेव्हा तीही जाई. कोल्हापूर म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. तिथल्या एका साखरशाळेत ती बसली होती, एका गावच्या मराठी शाळेतही. "कोणती शाळा चांगली?" मी विचारलं. हा प्रश्न घेऊन मी महिनाभर गावभर फिरत होते, पण दोन्हीकडे बसलेलं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. तिनं ओंजळ झटकली. "तिकडची खिचडी चांगली. पंखा तिकडं हाय. पण तिकडच्या बाईंनी माझं नाव लिवलंच नाई, म्हनाल्या तू जानारच हायस. इथं सर नाव खोडत नाईत." कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या पोरांसाठी सरकारनं शिक्षण हमी कार्ड काढलं आहे, की पोर जिथं जाईल तिथल्या शाळेनं ते बघून बसवून घ्यावं. या पोरीचं कार्ड सरांनी कपाटात जपून ठेवलं होतं, आणि आता आजीपाशी ठेवून घेऊन तिचं बाहेर जाणंच थांबवलं होतं. नवऱ्याच्या तक्त्यात हजेरीचा रकाना होता. नाव खोडत नाहीत, याचा नव्हता.

गुरुजींना मी सरळ विचारलं, लेकीला इथं घालू का? त्यांनी शाळेची जाहिरात केली नाही. म्हणाले, "गणित-विज्ञान मी बघतो. इंग्रजीची जागा रिकामी आहे, तेही मीच ढकलतो, पण ते ढकलणंच. शौचालयाला पाणी असतं, दार पडलंय, निधी आला की बसेल. जादा तास घेतो, पण पोरं कापूस वेचायला गेली की तास मला एकट्यालाच घ्यावा लागतो." बोलता बोलता त्यांचा हेल मला ओळखीचा वाटला. मूळचे सांगली जिल्ह्यातले, जतकडचे. भरतीत यवतमाळ जिल्हा मिळाला आणि तेव्हापासून इथं. बायको-मुलं गावी. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज दर फेरीत भरतात, आणि रोस्टरमध्ये दर वेळी काही तरी अडतं. मग आवाज खाली आणून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आमचा मोठा पण यंदा पाचवीलाच आहे. तुमच्याकडच्या शाळा कशा आहेत हो? सुट्टीत जातो तेवढंच बघायला मिळतं. फोनवर तो म्हणतो सर चांगले आहेत. चांगले म्हणजे काय, हे फोनवर कसं कळणार?"

मी काय सांगणार? अण्णांचा नंबर दिला. आता ते दोघं आठवड्यातून एकदा बोलतात, बहुतेक काळ-काम-वेगावर.

लेक त्या शाळेत गेली. फाटकावर आलेल्या चारी शाळांना मी नकार कळवायला गेले. तिघांनी चहा पाजला. दमलेल्या सरांनी मात्र विचारलं, "शेजारी कोणी चौथीतलं आहे का जी, पुढच्या वर्षासाठी?" मी क्रिकेटवाल्या पोराचं घर दाखवलं.

अण्णांचं मतपरिवर्तन त्या पावसाळ्यात झालं, आणि तेही तत्त्वानं नव्हे, कोट्यानं. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांतलं एक आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात निघालं, दुसरं हरियाणात झज्जरला, हे त्यांनी कुठं तरी वाचलं. मग नियम वाचले: पोर ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं, आणि पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागातल्या पोरांना. त्यांनी रात्री दहाला फोन केला. "यवतमाळ जिल्हा चांगला आहे," ते म्हणाले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो." नात मात्र नवोदयला जायला तयार नाही, कारण तिथं राहावं लागतं आणि मांजर नेता येत नाही.

तुमची बदली यवतमाळकडे झाली असेल आणि मूल शाळेत जाणारं असेल, तर माझं एवढंच सांगणं. जूनच्या १५ तारखेला धावत येऊ नका, त्या वर्षीच्या विदर्भाच्या शाळांची तारीख आधी विचारा. जुन्या शाळेतून दाखल्यासोबत ऑनलाइन मंजुरीही घेऊनच निघा. मूल पाचवीत जाणारं असेल तर सकाळी नवाच्या आत अंघोळी आटोपून चहाचं आधण ठेवा, आणि दारात आलेल्या मास्तरांना आधी पाणी द्या. आणि ३० सप्टेंबरनंतर तुमच्या फाटकाशी कुणीही फिरकणार नाही, हेही ध्यानात असू द्या.